रिकव्हरी वाढली, मग बिल कमी कसे?



ऊस बिलाचे वाटप चालू होते. एक वडीलधारे सभासद गट कार्यालयात आले आणि हातातला कागद क्लार्कपुढे ठेवून म्हणाले, "काय हो साहेब, वार्षिक सभेत तुम्हीच सांगितलं, औंदा रिकव्हरी वाढली म्हणून. आम्ही टाळ्याबी वाजवल्या. आता ह्या कागदावर रिकव्हरी वाढलेली दिसतीया खरी, पण तेवढंच माझं बिल कमी झालंय. वाढल्यावर आम्हाला जास्त मिळायचं का कमी?"

क्लार्क म्हणाला, "तात्या, ती रिकव्हरी निराळी आणि ही निराळी."

"आरं पण शब्द तर एकच छापलाय की!"

तात्यांचे काय चुकले? काहीच नाही. एकाच कागदावर एकच शब्द दोन अर्थांनी आला, तर चांगल्या शिकलेल्या माणसाचाही घोटाळा होईल. म्हणून या शब्दाची जरा उलटतपासणी करू.

हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने. मूळ अर्थ साधा : गेलेले परत मिळवणे. मग इंग्रजीने तो जिथे तिथे वापरला. माणूस आजारातून उठला, तरी रिकव्हरी. 2020 साली करोनाच्या साथीत ‘रिकव्हरी रेट’ आपण रोज ऐकत होतो, तो म्हणजे बरे होणाऱ्यांचे प्रमाण. पोलिसांनी चोरीचा माल पकडला, ती मुद्देमालाची रिकव्हरी. बँकेने थकलेले कर्ज मिळवले, तीही रिकव्हरी. मंदीतला बाजार वर आला, तीही रिकव्हरीच.

मराठीत आपण असे करीत नाही. रोगी बरा होतो, माल हस्तगत होतो, कर्ज वसूल होते आणि बाजार सावरतो. चार कामांना चार शब्द. इंग्रजीने मात्र चारही एकाच पोत्यात भरले आहेत.

साखर धंद्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. गाळलेल्या 100 क्विंटल उसातून किती क्विंटल साखर मिळाली, तो टक्का म्हणजे रिकव्हरी. उसात दडलेली साखर बाहेर काढून हाती आली, एवढाच त्याचा भाव. आपला शब्द त्याला तयार आहे : उतारा.

आता कोणी म्हणेल, उतारा तरी कुठे एका अर्थाचा आहे? खरे आहे. तलाठ्याकडे सातबाराचा उतारा मिळतो, विषावर उतारा देतात, दृष्ट लागली की उतारा टाकतात, आणि पोरांना पुस्तकातला उतारा पाठ करावा लागतो. पण तलाठ्याकडे जाऊन विषावरचा उतारा कोणी मागत नाही! जागेवरून अर्थ कळतो. रिकव्हरीचे दुखणे असे, की तिचे दोन अर्थ नेमके ऊस बिलावरच गाठ घालतात. एक रिकव्हरी तुमच्या पदरात टाकते आणि दुसरी पदरातले काढते.

पहिली रिकव्हरी टक्क्यात असते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफ. आर. पी., 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3,550 रुपये ठरवला. त्यापुढे दर 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे वाढ. उतारा घटला तर त्याच हिशोबाने घट. मात्र साडेनऊ टक्के किंवा त्याखाली असला, तरी 3,290 रुपये 50 पैशांच्या खाली दर जात नाही. 0.1 टक्का म्हणजे टनामागे फक्त एक किलो साखर. पण 100 टन ऊस घालणाऱ्याला त्या एका किलोने 3,460 रुपयांचा फरक पडतो. हा दर कारखान्याच्या गेटवरचा असल्याने आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

हा उतारा एकट्याच्या फडाचा नसून सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात वाळला, की त्यातल्या साखरेचे रूपांतर दुसऱ्या साखरांत होऊ लागते आणि तिचे दाणे पडत नाहीत. मोळीत वाढे, पाचट, माती गेली, तर वजन भरते पण साखर भरत नाही. म्हणजे एकाने शिळा ऊस पाठवला, की शेजाऱ्याच्या बिलालाही झळ लागते.

आणखी एक खुबी आहे. उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली, की पोत्यात साखर कमी भरते. अशा वेळी वळवलेली साखर हिशोबात मिळवून एकूण उतारा धरावा लागतो. म्हणून नुसता आकडा ऐकून गप्प बसू नये. हा उतारा निव्वळ की एकूण, आणि कोणत्या हंगामाचा, हे दोन प्रश्न विचारावेत.

दुसरी रिकव्हरी रुपयांत असते. ती वसुली. सोसायटीचे पीककर्ज, बेण्याची किंवा खताची उधारी, पाणीपट्टी अशा रकमा बिलातून कापून घेतल्या जातात. घेतलेले कर्ज फेडायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणत्या संस्थेचे, मुद्दल किती, व्याज किती आणि आता बाकी किती, हे समजून घेणे हा सभासदाचा हक्क आहे. फेडलेल्या कर्जाची नोंद वेळेवर निघाली नसेल, तर ते पुन्हा कापले गेल्याचे अशा वेळीच उघड होते.

तेव्हा खूण सोपी : रिकव्हरीपुढे टक्का असेल तर तो साखर उतारा, वाढला की आनंद. रुपये असतील तर ती वसुली, तिची पावती मागून घ्यावी. आणि आमच्या लेखनिक मंडळींनाही विनंती, की बिलावर ‘साखर उतारा’ आणि ‘वसुली’ असे दोन निराळे शब्द छापावेत. शाई तेवढीच लागते.

तात्यांनी त्या दिवशी दोन्ही रकाने वाचून घेतले, कपातीचा तपशील लिहून घेतला आणि उठता उठता म्हणाले, "म्हंजे सभेत टाळ्या वाजवल्या ते बरोबरच होतं. फक्त घरी येऊन बोटं मोजायची राहिली होती."