गावठी कोंबडा किती वर्षे ठेवावा?

सोलापूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि आसपासच्या खेड्यांत मागाच्या किंवा विडीच्या कामाला जोड म्हणून गावठी कोंबड्या पाळणारी कुटुंबे आहेत. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत आणि पिल्ले सहाच निघावीत, असे झाले की दोष कोंबडीला दिला जातो आणि तिची रवानगी बाजारात होते. पुष्कळदा खरा दोष कोंबड्याच्या वयात असतो.

गावठी कोंबडा पाच-सहा महिन्यांत आरवू लागतो. पण पैदाशीसाठी तो साधारण आठव्या महिन्यानंतर घ्यावा. असील आणखी उशिरा तयार होतो. पुढे सुमारे वर्षभर त्याचा जोर उत्तम असतो. कोंबड्याचे वीर्य एका वेळी जेमतेम पाव ते अर्धा मिलिलिटर असते. मात्र तरुण कोंबड्याच्या तेवढ्याच थेंबात कोट्यवधी शुक्राणू असतात. दोन वर्षांनंतर वीर्य घटते, शुक्राणू कमी होतात, त्यांची हालचाल मंदावते आणि मेलेले शुक्राणू वाढतात. वजन वाढलेल्या कोंबड्याला कोंबडीवर नीट चढताही येत नाही. नुसता लाल तुरा आणि मोठी बांग पाहून हे कळत नाही.

पारख कशी करावी?

अंडी बसवल्यावर सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळलेले आहे; अगदी स्वच्छ दिसले तर नाही. बरीच अंडी स्वच्छ निघाली तर कोंबड्याकडे पाहावे. जाळे धरून जीव मेला असेल तर शिळी अंडी किंवा उष्णता हे कारण असू शकते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा तरुण कोंबड्याचेही वीर्य उतरते. म्हणून कोंबड्याची परीक्षा हिवाळ्यात करावी.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन वर्षांचा झाला की त्याला वजनावर विकून दुसऱ्या कळपातला तरुण कोंबडा आणावा. घरचाच पिल्लू ठेवल्यास नात्यातली पैदास होते. जुन्या कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या पोटात दहा-पंधरा दिवस टिकतात. म्हणून नव्याची पिल्ले हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी बसवावीत.

अंडी केवळ खाण्यासाठी विकायची असतील तर कोंबड्याची गरजच नाही. त्याचा दाणा वाचतो.