पहिला काटा कोणाचा? भांडवलशाही, समाजवाद आणि आपली खाडी



गेल्या बैठकीत ठराव मांडला तेव्हा पाठीमागून एक तरुण सभासद उठला आणि म्हणाला, "तुमी आता कम्युनिस्ट जाले काय?" सगळे हसले, आम्हीपण हसलो. ठराव तसा साधा होता. सभासदाची मासळी आधी संस्थेच्या काट्यावर यावी, तिथे वजन लागावं, मग ती कोणाला द्यायची ते ठरावं. आज प्रत्येकजण आपापल्या जागी, आपापल्या गिऱ्हाइकाला, काळोखातच विकून मोकळा होतो. त्या पोराचं म्हणणं असं, की होडी माझी, जाळं माझं, रात्रभर थंडीत मी बसलो, मग कुठे विकायचं ते संस्थेने का सांगावं?

प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी त्याला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

शाळेच्या पुस्तकात दोन व्यवस्था शिकवतात. भांडवलशाहीत बोट, कारखाना, जमीन खाजगी मालकाची. दर बाजार ठरवतो आणि नफा-तोटा मालकाचा. समाजवादात साधनं समाजाची, म्हणजे बहुतेक वेळा सरकारची. काय आणि किती काढायचं ते वरून ठरतं. कारखान्याला हे नीट लागू पडतं. आपल्या धंद्यात मात्र एक गोम आहे. शेतकऱ्याचं भात कापणीच्या आधीही त्याचंच असतं. चणक किंवा काळुंदर जाळ्यात येईपर्यंत कोणाचंच नसतं. आज मी सोडलं तर उद्या दुसरा धरणार, मग मी का सोडू? हा विचार खाजगी मालकही करतो आणि सरकारी बोटही करते.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं उदाहरण घ्या. तिथे कॉड नावाचा मासा इतका होता की शेकडो वर्षं युरोपातून बोटी येत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठाले कारखाना-ट्रॉलर आले. त्यात सोव्हिएत रशियाचे सरकारी ट्रॉलर होते आणि पश्चिम युरोपातल्या खाजगी कंपन्यांचेही. 1977 नंतर कॅनडाने 200 मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं, तर त्यांच्या स्वतःच्या कंपन्यांनी उरलेलं ओढलं. जुलै 1992 मध्ये सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार माणसांचं काम गेलं. कोणता ट्रॉलर भांडवलशाहीचा आणि कोणता समाजवादाचा, हे त्या कॉडला काही कळलं नाही.

बरं, सगळं सरकारच्या हातात दिलं असतं तर? अरल समुद्राचं काय झालं ते बघा. मध्य आशियातला हा मोठा खारा तलाव सोव्हिएत राजवटीत होता. 1960 नंतर कापूस पिकवायची योजना आली आणि त्यात येणाऱ्या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं. पाणी मागे हटत गेलं, मुयनाक नावाच्या मासेमारी बंदरात बोटी वाळूवर पडल्या. तिथला मासे डबाबंद करायचा सरकारी कारखाना चालू ठेवायला दूरच्या समुद्रातून गोठवलेले मासे आणत होते म्हणे. तिथे खाजगी मालक एकही नव्हता. पण योजना करणाऱ्याने मच्छीमाराला विचारलंही नाही.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. इथे गंमत अशी झाली की दोन्ही व्यवस्था एकाच होडीत बसून आल्या. मुक्तीनंतर सरकारने मासेमारीचं यांत्रिकीकरण सुरू केलं. कर्जं दिली, अनुदानं दिली. कागदावर ती गरीब रापणकारांसाठी होती. पण कर्जाला तारण लागतं आणि रापणकाराकडे तारण म्हणून काय, तर भागातली रापण आणि माडाखालचं घर. त्यामुळे ट्रॉलर बऱ्याच प्रमाणात ज्यांच्याकडे आधीच पैसा होता त्यांच्याकडे गेले. पैसा सरकारचा, नफा खाजगी. 1976 साली राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घातला गेला. नेमक्या त्याच सुमारास गोव्यातले रापणकार ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर होते. मातान्ही साल्ढाणांच्या पुढाकाराखाली जी चळवळ झाली, तिची मागणी ट्रॉलर सरकारजमा करा अशी नव्हती. किनाऱ्याजवळ येऊ नका, एवढंच म्हणणं होतं. 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि त्याखाली 5 किलोमीटरच्या आत ट्रॉलरना मनाई आली. ती किती पाळली जाते, हे मोरजी-मांद्र्याच्या रापणकारांना विचारा. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तिचीही तीच कथा.

समुद्र लांब वाटत असेल तर आपल्या खाजनाकडे बघा. शापोरेच्या दोन्ही काठांवर बांध घालून शेती केलेली आहे. बांधाला मानस असते. भरतीला तिच्या फळ्या मिटतात, ओहोटीला उघडतात, आतलं पाणी बाहेर पडतं आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सुंगटां, शेवटे मिळतात. भात आणि मासा दोन्ही एकाच जागेत. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती आली, भाटकारशाहीला चाप बसला, कसणाऱ्याला हक्क मिळाला. फार मोठी गोष्ट झाली, ती कोणी कमी लेखू नये. आपल्या पेडण्यात आजोबा-पणजोबांनी भाटकाराच्या दारात काय काय सोसलं ते घराघरात माहीत आहे. पण मानशीचा लिलाव होऊ लागला आणि लिलाव घेणाऱ्याचा हिशोब वर्षाचा. भरतीचं पाणी जास्त आत घेतलं की मासळी जास्त. बांध ढासळला, शेत खारं झालं, तर तो पुढच्या वर्षी तिथे नसतोच. हा दोष लिलावाचा नव्हे. फळी कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे जे जुनी माणसं मिळून ठरवायची, ते ठरवणारं कोणी उरलं नाही. अशा सामाईक गोष्टी लोक आपसात नियम करून टिकवू शकतात, हे जगभरची उदाहरणं घेऊन दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्याला ते नोबेलाशिवाय ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे आपल्या धंद्यात खरे प्रश्न दोन. जाळं कधी टाकायचं नाही हे कोण ठरवतो, आणि मासा बाहेर आला की पहिला काटा कोणाचा.

दुसऱ्या प्रश्नावर नॉर्वेने काय केलं ते ऐका. तो काही कम्युनिस्ट देश नव्हे, तिथे बोटी खाजगी आहेत. पण 1930 च्या मंदीत मच्छीमार व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडाले आणि 1938 मध्ये कायदा झाला, की मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघांमार्फतच व्हायची. किमान दर संघ ठरवणार. त्याच्या पुढे व्यापारी, कारखाना, निर्यात, सगळा बाजार मोकळा. होडी माझी, जाळं माझं, पण पहिला काटा आमचा सगळ्यांचा. आमचा ठराव म्हणजे याचंच लहानसं रूप आहे, फक्त आपल्याकडे कायद्याचा जोर नाही, सभासदाची मर्जी आहे.

आपल्या देशात याच्या जवळचं काम दुधात झालं. खेडा जिल्ह्यात 1946 साली शेतकऱ्यांनी पोल्सन कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दूध द्यायचं बंद केलं, संघ काढला, त्यातून अमूल उभी राहिली. दूधही नासतं, मासाही नासतो. विकणारा घाईत आणि घेणारा निवांत, हे दोन्हीकडे सारखंच. मग दुधात जमलं ते मासळीत का जमत नाही? म्हैस दोन्ही वेळा दूध देते. खाडी देत नाही. आठ दिवस रिकामं जाळं आलं की घर चालवायला पैसे लागतात, आणि तिथेच एजंट उभा असतो.

त्याला नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही. रात्री दोनला पोराला हॉस्पिटलात न्यायचं असेल तर तो पैसे देतो. कागद मागत नाही, जामीन मागत नाही. संस्थेकडे अर्ज केला तर आम्ही म्हणतो, पुढच्या मीटिंगला ठेवू. बँकेचं तर नावच नको. म्हणून लोक त्याच्याकडे जातात आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

पण हिशोब करून बघा. समजा 20,000 रुपयांची उचल घेतली. व्याज शून्य. अट एकच, मासळी मलाच द्यायची. तो बाजारापेक्षा किलोमागे 40 रुपये कमी देतो. दिवसाला 4 किलो, महिन्याचे 20 दिवस, म्हणजे महिन्याला 3,200 रुपये गेले. दहा महिन्यांत 32,000. आणि मूळ 20,000 तसेच डोक्यावर! महिना 16 टक्के व्याज कोणी तोंडावर सांगितलं असतं तर आपण उठून आलो असतो. इथे ते वजनात आणि दरात विरघळतं, म्हणून दिसत नाही. त्या तरुण सभासदाला मला हेच विचारायचं होतं: जाळं तुझं खरं, पण दर तू ठरवतोस काय?

सहकार हे नाव लावलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो देशाला धडा होता. पुढे महाराष्ट्रातले कित्येक कारखाने पुढाऱ्यांची खाजगी मालमत्ता असल्यासारखे चालले, काही विकले गेले. आपल्या धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना गाळपाविना पडून आहे. काटा संस्थेचा झाला तरी तो धरणारा हात कोणाचा, हे बघावंच लागतं. म्हणून वजनाची आणि दराची वही रोज फोटो काढून ग्रुपवर टाकायची, असं आम्ही मसुद्यात घातलंय. समितीतल्या दोघांना ते आवडलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

मसुद्यात अजून दोन गोष्टी आहेत. एक, किलोमागे 3 रुपये कापून उचल फंड करायचा. त्यातून सभासदाला 5,000 पर्यंत त्याच दिवशी पैसे, मीटिंगची वाट न बघता, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीवर. फंड जमेपर्यंत काय, याला उत्तर आमच्याकडे अजून नाही. ज्यांच्यावर आधीच एजंटची उचल आहे ते काट्यावर कसे येणार, यालाही नाही. कोणाला सुचत असेल तर सांगा. दुसरी, पहिल्या पावसात चढणीच्या माशांवर बारीक आसाचं जाळं लावायचं नाही. यावर जास्त भांडण होणार हे आत्ताच दिसतंय.

आणि टोपली घेऊन दारोदार नुस्तें विकणाऱ्या आपल्या बायकांचं काय, हा मुद्दा एका वहिनींनी फोनवर काढला. संस्थेचा काटा आला आणि सगळी मासळी एकदम मोठ्या गिऱ्हाइकाला गेली, तर त्यांनी म्हापशाच्या बाजारातून विकत आणून इथे विकायची काय? आम्ही हा विचारच केला नव्हता. त्यांना काट्यावर पहिला हक्क, त्याच दराने, असं कलम आता घातलंय.

मसुद्याची प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. "कम्युनिस्ट" म्हणणाऱ्या त्या सभासदाने ती काल नेली, आणि 3 रुपयांच्या जागी पेन्सिलीने 2 लिहून परत आणून दिली.