समेवर ‘खट्याक’ नको!

डिसेंबरातली पुण्याची थंडी, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, शालीत गुरफटलेले रसिक. गवई मंद्र षड्जावर नुकता स्थिरावलाय आणि शेजारून आवाज येतो, ‘खट्याक! खट्याक!’ एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा दर फोटोला वर उडतो नि खाली आपटतो, त्याचा हा ठेका. तालात तर नसतोच! तीन रांगांमधल्या माना एकदम वळतात.

म्हणून मैफलीसाठी कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल नंतर बघा. तो कुणाच्या डोळ्यांवर, कानांवर येतो का, ते आधी. खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे इथे बाजी मारतात. त्यांत आरसाच नसतो आणि बहुतेकांचं शटर भिंगातच बसवलेलं, नाजूक पात्यांचं असतं. आवाज कसला, पान उलटल्याएवढा.

लपवाछपवीचा हा शौक बराच जुना आहे बरं का. 1890 च्या दशकात नॉर्वेतला कार्ल स्टोर्मर नावाचा विद्यार्थी जाकिटाखाली चपटा, गोल कॅमेरा बांधून रस्त्यावर हिंडायचा. भिंग काजातून डोकावायचं, दोरी खिशात. दोरी ओढली की फोटो! एका काचेवर सहा. नाटककार इब्सेनही त्याच्या तावडीतून सुटला नाही. पुढे हाच पोरगा नामवंत गणिती आणि ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक झाला.

जर्मनीचा वृत्तछायाचित्रकार एरिख सॉलोमन त्याच्याही वरताण. टोपीला भोक पाडून त्याने कोर्टात खटल्याचे फोटो काढले. 1932 मध्ये तर हात मोडल्याचं सोंग करून, झोळीत कॅमेरा दडवून थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात! त्याच्या लाडक्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याचं भिंग आधी एफ/2 आणि पुढे एफ/1.8 होतं. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. आजचे चांगले कॉम्पॅक्टही एफ/1.8 वरच मिरवतात. म्हणजे शंभर वर्षांत आपण तिथेच!

कलाकारांनाही कॅमेऱ्याचा राग येतो. जाझ पियानोवादक कीथ जॅरेट यांनी 2007 मध्ये इटलीतल्या उंब्रिया जाझ महोत्सवात माइकवरून फोटोवाल्यांना शिव्या हासडल्या. 2013 मध्ये परत आले, तेव्हा कॅमेरे दिसताच मंचावर अंधार करून वाजवलं. आता काढा फोटो!

बाजारात शिरल्यावर पहिली थाप कानावर येते ती ‘एक इंची सेन्सर’ची. त्याची मापं 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. कर्ण मोजला तरी सोळा मिलिमीटर भरत नाही. मग इंच आला कुठून? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून. नळ्या गेल्या, इंच राहिला. ‘दोन मिनिटांत पोचतो’मधल्या दोन मिनिटांसारखाच हा इंच.

दुसरी गंमत झूमची. 2012 चा पहिला सोनी आरएक्स100 पाव किलोहून हलका आणि भिंग एफ/1.8. पण पूर्ण झूम केलं की तेच एफ/4.9 होतं. हिशेब केला तर उजेड उरतो जेमतेम सातवा हिस्सा! मागच्या रांगेतून गायिकेचा चेहरा जवळ आणायला जावं, तर तो काळोखात हरवतो. त्यामुळे मला 2014 चा आरएक्स100 मार्क थ्री जास्त भावतो. झूम कमी, पण शेवटपर्यंत एफ/2.8. शिवाय टिचकीसरशी वर येणारा व्ह्यूफाइंडर. त्याला डोळा लावला की मागचा स्क्रीन विझतो. अंधाऱ्या सभागृहात पेटलेला स्क्रीन म्हणजे मागच्याच्या डोळ्यांत टॉर्च. शटरच्या आवाजापेक्षा मोठा गुन्हेगार हाच, असं माझं पक्कं मत.

पुढच्या रांगेचं तिकीट असेल तर रिको जीआर थ्री घ्या. याचा सेन्सर ‘एक इंची’च्या सुमारे तिप्पट क्षेत्रफळाचा, झूम नाही आणि फ्लॅशही नाही. मैफलीपुरतं हे वरदानच. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. स्टेडियममधून मंचाच्या दिशेने मारलेला फ्लॅश उजळतो फक्त पुढच्या काकांचं टक्कल.

फुजीचा एक्स100 देखणा, गुपचूप काम करणारा. त्याचा रुबाबच आड येतो. मोठ्या कॉन्सर्टच्या दारावर ‘प्रोफेशनल कॅमेरा नको’ अशी पाटी असते, आणि प्रोफेशनल म्हणजे बहुधा भिंग बदलता येणारा. एक्स100 चं भिंग निघत नाही, पण सुरक्षारक्षक रूप पाहून निकाल देतो. (कुठलाच कॅमेरा चालणार नाही असं लिहिलं असेल, तर मात्र सॉलोमनगिरी नको.)

‘सायलेंट शटर’ लावलं की संपलं? छे! तेव्हा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. मंचावरचे एलईडी दिवे तेवढ्यात असंख्य वेळा उघडझाप करतात, आपल्या डोळ्यांना कळत नाही इतकंच. परिणाम? गायकाच्या झब्ब्यावर आडवे पट्टे! अशा वेळी पात्यांचं शटरच बरं. लाल दिव्यात चेहऱ्याचा टोमॅटो झाला, तर फोटो कृष्णधवल करून टाका. मागे काळा पडदा असेल तर एक्सपोजर एक पायरी खाली आणा, नाहीतर कॅमेरा अंधार उजळायच्या नादात चेहऱ्याला चुना फासतो. तबलजीसाठी शटर 1/250 सेकंद ठेवलं तरी द्रुत लयीत बोटं धूसरच येतात. येऊ द्या, छान दिसतात.

‘फोन आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी: जपान आणि दक्षिण कोरियात विकलेल्या फोनचा शटरचा आवाज सहसा बंदच करता येत नाही. चोरून फोटो काढणाऱ्यांवरचा तो उपाय. तिकडून स्वस्तात फोन आणलेल्यांनी आलापीच्या वेळी सांभाळून.

एवढं करूनही एक दिवा हटकून विसरतो. अंधारात फोकस जमावा म्हणून कॅमेऱ्याच्या पुढ्यातला इवलासा दिवा आपसूक पेटतो आणि तिरीप जाते थेट गायकाच्या तोंडावर. मेन्यूत शिरून तो बंद करा. नाही सापडला पर्याय, तर वर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँही आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चमकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. लायका परवडत नसेल, पट्टी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.