लहान मुलांचा कर्करोग : कोणता स्कॅन, केव्हा आणि कशासाठी?

तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला त्याच्या पोटात एका बाजूला काहीतरी टणक लागते. मूल एरवी खेळते, जेवते. ताप नाही, दुखणे नाही. मूत्रपिंडाच्या ‘विल्म्स ट्यूमर’ या कर्करोगाचा सुगावा पुष्कळदा असाच लागतो. तेथून पुढे त्या कुटुंबाचे आयुष्य सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट स्कॅन अशा शब्दांभोवती फिरू लागते. खर्चाची चिंता असतेच. त्याहून मोठी धास्ती असते ती ‘एवढ्या किरणांनी मुलाला अपाय तर होणार नाही ना?’ याची. याउलट, ‘सर्वांत मोठा स्कॅन एकदाच करून टाका’ असा आग्रह धरणारे पालकही असतात. दोघांचाही समज असा, की ही सारी यंत्रे म्हणजे कमी-अधिक ताकदीचे कॅमेरे. वस्तुतः प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि प्रश्न ठरल्याशिवाय यंत्र ठरवता येत नाही.

पोटातील गाठीसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच असते. तीत किरणोत्सार नाही, भूल नाही. गाठ मूत्रपिंडातून निघाली आहे की बाहेरून त्याला ढकलते आहे, ती घन आहे की पाण्याने भरलेली, हे बहुधा तेथेच कळते. विल्म्स ट्यूमर कधीकधी मूत्रपिंडाच्या शिरेतून हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत शिरतो. शस्त्रक्रियेची सारी आखणी बदलून टाकणारी ही गोष्ट डॉपलर सोनोग्राफीत चांगली दिसते. त्यानंतर गाठीचा पूर्ण नकाशा मिळवण्यासाठी सीटी किंवा एमआरआय, आणि फुप्फुसांत प्रसार झाला आहे का हे पाहण्यासाठी छातीचा सीटी. युरोपात रूढ झालेल्या उपचारपद्धतीत तर ठरावीक वयाच्या मुलांमध्ये चित्र पुरेसे नमुनेदार असेल, तर गाठीचा तुकडा न काढताच केमोथेरपी सुरू केली जाते. तेथे प्रतिमा वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टवर केवढी जबाबदारी येते, याची कल्पना करावी.

हीच गाठ मूत्रपिंडाबाहेरची, ‘न्यूरोब्लास्टोमा’ निघाली तर प्रश्न बदलतो. हा कर्करोग हाडांत आणि अस्थिमज्जेत लवकर पसरतो. त्याच्या पेशी नॉरअॅड्रिनॅलिनसारखे दिसणारे ‘एमआयबीजी’ हे द्रव्य ओढून घेतात. या द्रव्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते शिरेतून दिले, की दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये रोगाच्या जागा चित्रात उजळून निघतात. तपासणीपूर्वी मुलाला आयोडीनचे औषध पाजतात, ते गळ्यातील थायरॉइड ग्रंथीने किरणोत्सारी आयोडीन शोषू नये म्हणून. हे औषध ‘किरकोळ’ समजून चुकवू नये.

मुलांमधील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्याचे निदान रक्त आणि अस्थिमज्जा तपासून होते. स्कॅनचे काम तेथे बेताचे. मात्र काही मुलांच्या छातीत, श्वासनलिकेलगत मोठी गाठ असते. अशा मुलाला निजवून भूल दिली तर श्वास कोंडू शकतो. म्हणून भूल देण्याआधीचा छातीचा साधा एक्स-रे येथे जीव वाचवतो. यंत्राची किंमत आणि उत्तराचे मोल यांचा संबंध नसतो, याचे याहून चांगले उदाहरण सांगता येणार नाही.

पेट-सीटीचे खरे सामर्थ्य दिसते ते हॉजकिन लिम्फोमात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हे यंत्र २००४ मध्ये आले. केमोथेरपीच्या पहिल्या दोन फेऱ्यांनंतर केलेला हा स्कॅन रोग कितपत विझला आहे ते दाखवतो. प्रतिसाद उत्तम असेल तर अनेक मुलांना रेडिओथेरपी टाळता येते. लहानपणी छातीवर रेडिओथेरपी घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे लक्षात घेतले तर स्कॅनच्या थोड्या किरणांनी उपचारातील पुष्कळ किरण वाचवले, असा हा व्यवहार आहे. अर्थात पेट फसवूही शकतो. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलाच्या मानेतील तपकिरी चरबी चित्रात रोगासारखी चमकते. म्हणून त्याला उबदार ठेवतात. केमोथेरपी संपल्यावर छातीतील थायमस ग्रंथी पुन्हा वाढते आणि ‘रोग उलटला’ असा भास होतो. बालरुग्णांचे स्कॅन वाचण्याचा सराव असलेला डॉक्टर म्हणूनच हवा.

आता किरणांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही. वाढत्या पेशी किरणांना अधिक हळव्या असतात आणि मुलापुढे सारे आयुष्य असते. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुला-तरुणांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालील दहा हजार मुलांचा डोक्याचा एकेक सीटी केला, तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक रुग्ण जास्तीचा आढळेल, असा त्याचा अंदाज होता. धोका खरा, पण लहान. समोर उभ्या असलेल्या कर्करोगापुढे तर फारच लहान. नकार देण्याऐवजी पालकांनी विचारावे, की यंत्राची मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरवली आहे का, आणि सोनोग्राफी वा एमआरआयवर भागेल का. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘इमेज जेंटली’ मोहिमेचा आग्रह हाच होता. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात तर सीटी शक्यतो टाळून एमआरआय करतात, कारण आनुवंशिक दोष असलेल्या या मुलांना किरणांमुळे दुसरा कर्करोग होण्याची भीती अधिक असते. एमआरआयचीही किंमत आहेच: लहान मुलाला बराच वेळ निश्चल ठेवायचे तर पुष्कळदा भूल द्यावी लागते.

उपचार संपल्यावर पालकांना दर तीन महिन्यांनी ‘संपूर्ण शरीराचा’ स्कॅन हवासा वाटतो. विल्म्स ट्यूमरच्या पाठपुराव्यात बहुतेक वेळा पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे पुरतो. बऱ्या झालेल्या हॉजकिन रुग्णाचा लक्षणांवाचून वारंवार पेट करण्याची शिफारस नाही. डॉक्टर केवळ सोनोग्राफी लिहून देतात, यात हलगर्जी नसते. जुन्या चित्रांच्या सीडी आणि अहवाल मात्र तारखेनुसार एका पिशवीत जपून प्रत्येक भेटीला न्याव्यात. मागचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नव्या चित्रातील ठिपका जुना व्रण आहे की नवी गाठ, हे सांगता येत नाही. आणि तसे झाले, तर तो स्कॅन पुन्हा करावा लागतो.