फॅलो शस्त्रक्रियेनंतर झडप गळत असेल तर…

‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषावरची पहिली पूर्ण शस्त्रक्रिया १९५४ साली अमेरिकेत झाली. या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करताना तिथली झडप अनेकदा गळकी राहते.

● परिणाम : रक्त मागे फिरते, हृदयाचा उजवा खालचा कप्पा ताणून मोठा होतो. त्रास उशिरा जाणवतो.

● तपासणी : नियमित इको, ईसीजी; गरजेनुसार एमआरआय.

● उपाय : शस्त्रक्रियेने नवी झडप, काही रुग्णांत मांडीच्या शिरेतून कॅथेटरने.

● काळजी : दात-हिरड्या निरोगी ठेवा. गर्भधारणेपूर्वी हृदयतज्ज्ञांना भेटा.

● लगेच दाखवा : धाप, धडधड, चक्कर.

लहानपणी ऑपरेशन झाले म्हणून तपासणी थांबवू नका. ती आयुष्यभर हवी.