वन हक्क कायदा : मदतीकडून हक्काकडे



आपला देश अधिक न्यायी व्हावा, असे आपल्याला मनापासून वाटते. न्यायी देश म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण शाळा, दवाखाना, रस्ता, रोजगार अशी यादी सांगतो. ती योग्यच आहे. पण हाच प्रश्न आदिवासी पाड्यावर विचारला, तर बहुतेक वेळा पहिले उत्तर जमिनीचे येते. आजा-पणजापासून जी जमीन कसतो ती आमची आहे की नाही, एवढे एकदा ठरू द्या, मग बाकीचे पाहू, असे लोक म्हणतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक आहे. महाराष्ट्रातच ती सुमारे १ कोटी ५ लाख आहे. त्यांच्यासाठी झालेल्या धोरणात्मक सुधारणांपैकी २००६ चा वन हक्क कायदा ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल. तो कायदा काय सांगतो, त्याची अंमलबजावणी कुठे अडते आणि आपण त्यात काय करू शकतो, हे या लेखात समजून घेऊ.

मालक अतिक्रमणदार कसा झाला?

इंग्रज सरकारला रेल्वेसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवे होते. १८६५ साली पहिला वन कायदा आला. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग पाडले. १९२७ चा भारतीय वन अधिनियम तर आजही लागू आहे. जंगल राखीव करताना लोकांनी मुदतीत आपले हक्क सांगावेत, अशी सोय कागदावर होती. पण ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्याच्यापर्यंत जाहीरनामाच पोहोचला नाही, त्याने हक्क कुठे आणि कसा सांगायचा? त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन सरकारी झाली आणि कसणारा स्वतःच्याच गावात अतिक्रमणदार ठरला.

स्वातंत्र्यानंतरही ही नोंद दुरुस्त झाली नाही. मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वनजमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आणि ठिकठिकाणी घरे, पिके उद्ध्वस्त झाली. त्याविरुद्ध देशभर उभ्या राहिलेल्या चळवळींतून २००६ चा कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. सरकारने आपल्याच कायद्यात अशी कबुली देणे ही लहान गोष्ट नाही.

कायद्याने काय बदलले?

पहिला बदल, सुरुवात कोण करणार याचा. पूर्वी अधिकारी यादी करत आणि लोक हात जोडून उभे राहत. या कायद्यात दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वन हक्क समिती निवडते. त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समिती जागेवर जाऊन पाहणी करते, नकाशा करते आणि ग्रामसभा ठराव देते. त्यानंतर प्रकरण उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जाते.

दुसरा बदल, पुरावा कशाला म्हणायचे याचा. सरकारी कागद नसला तरी दावा करता येतो. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेताचा बांध, जुनी विहीर, दफनभूमी, देवाचे ठिकाण हे सारे पुरावे नियमांत मान्य आहेत. असे किमान दोन पुरावे लागतात. वनखात्याने पूर्वी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा कामी येते. ज्या कागदाने एकेकाळी माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच आज त्याचा जुना कब्जा सिद्ध करतो!

तिसरा बदल, नाव कोणाचे याचा. विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. आदिवासी स्त्री शेतात राबते, पण आजवर कागदावर तिचे नाव क्वचितच असे.

आदिवासी कुटुंबाचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा असेल, तर प्रत्यक्ष कसत असलेली जमीन, कमाल चार हेक्टरपर्यंत, मान्य होते. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हा हक्क वारसांना मिळतो, पण विकता येत नाही. त्यामुळे सावकाराच्या किंवा दलालाच्या हाती जमीन जाण्याची भीती राहत नाही.

गावाचे जंगल, गावाचा कारभार

वैयक्तिक पट्ट्याहूनही मोठा हक्क या कायद्यात आहे, तो म्हणजे सामूहिक वन हक्क. गावाला आपल्या पारंपरिक जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करता येते. तेंदूपत्ता, मोह, मध, डिंक, बांबू अशा गौण वनोपजावर गावाची मालकी असते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण गावाने बांबू विकायचे ठरवले तेव्हा वाहतूक परवान्यावर गाडे अडले. वन हक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, तर १९२७ च्या कायद्यात तो झाड मानला होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्क मिळाला होता २००९ मध्ये, तो वापरता आला २०११ मध्ये. मधली दोन वर्षे गावाने एकमताने आणि चिकाटीने काढली. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावानेही सामूहिक हक्काच्या जमिनीवर जंगल पुन्हा उभे केले आणि तिथली सीताफळे थेट मुंबईच्या बाजारात पाठवली.

आदिवासींना हक्क दिला तर जंगल संपेल, अशी शंका अनेक सज्जन माणसे बोलून दाखवतात. त्यांनी ही गावे पाहावीत. शिवाय कायद्याने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणवठे सांभाळण्याची जबाबदारीही दिली आहे.

अडते कुठे?

दावे मोठ्या संख्येने नामंजूर होतात. कधी उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून, कधी एखादा कागद कमी म्हणून. वास्तविक २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अमुकच कागद हवा असा हट्ट धरता येत नाही. उपग्रह छायाचित्र इतर पुराव्यांच्या जोडीला वापरायचे असते, त्यांच्या जागी नव्हे. नामंजुरीची कारणे लेखी हवीत आणि निर्णय दावेदाराला समक्ष कळवला पाहिजे, कारण तिथून अपिलाची ६० दिवसांची मुदत सुरू होते. प्रत्यक्षात अनेकांना आपला दावा फेटाळला गेल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही.

याची किंमत काय असते, ते २०१९ साली दिसले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पण ज्याचा दावा कागदाअभावी फेटाळला गेला आहे, त्याची भीती स्थगितीने संपत नाही.

दुसरी अडचण स्थलांतराची. ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. रायगड, ठाणे, पालघरची कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पाडाच रिकामा असेल, तर सभा कोणाची भरणार?

पुढची सुधारणा कोणती?

नवा कायदा मागण्याआधी आहे त्या कायद्याचा पुढचा टप्पा मागितला पाहिजे. प्रत्येक नामंजूर दाव्याची लेखी कारणांसह फेरतपासणी व्हावी. महाराष्ट्रात २०२० साली राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. ही वाट पाड्यापर्यंत माहीत झाली पाहिजे. ग्रामसभांचे वेळापत्रक स्थलांतराचा हंगाम पाहून ठरावे. आणि पट्टा मिळाल्यावर जमीन सुधारणा, सिंचन, बियाणे यांची मदत यावी. तशी तरतूद नियमांत आहेच. खडकाळ उतारावरचा पट्टा नुसता पेटीत ठेवून चूल पेटत नाही.

आपण काय करू शकतो?

धान्य, ब्लँकेट, वह्या यांची गरज आजही आहे आणि ती सेवा थांबू नये. पण तीच कुटुंबे दरवर्षी त्याच रांगेत उभी राहत असतील, तर रांग का संपत नाही हेही आपण विचारले पाहिजे. त्यासाठी करता येण्याजोगी कामे साधी आहेत. दाव्याच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि पोच दावेदाराच्या घरी असावी. आजी-आजोबांचे जबाब ते हयात असतानाच लिहून घ्यावेत. पाड्यावरील शिकलेल्या मुला-मुलींना मोबाइलवर शेताची हद्द मोजायला शिकवावे. सुनावणीच्या दिवशी तालुक्याला जाण्याचे गाडीभाडे द्यावे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरीही. वाचकांमध्ये वकील, निवृत्त तलाठी किंवा भूमापक असतील, तर त्यांचा महिन्यातला एक दिवस कित्येक कुटुंबांच्या आयुष्यभराच्या उपयोगी पडेल.

आपल्या ओळखीच्या पाड्यावर किती दावे दाखल झाले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि का, एवढी चार आकड्यांची माहिती पुढील तीन महिन्यांत गोळा करून पाहा. कामाची सुरुवात तिथूनच होईल.