सिद्ध रीत आणि आपला नियम

येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम चालतें. तेथील सुतार प्रत्येक मेजासाठीं नवा रंधा घडवीत बसत नाहीं. तयार रंधा उचलतो व आपलें सारें लक्ष लांकडाकडे देतो. याच येरवड्यांत आतां संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारांचीं मोठीं कार्यालयें आहेत. त्यांच्या कामासही हाच न्याय लागू पडतो.

समजा, एखाद्या शाळेंतील १,००० मुलांचीं नांवें वर्णानुक्रमानें लावावयाचीं आहेत. नवशिका विद्यार्थी प्रत्येक नांव दुसऱ्या प्रत्येक नांवाशीं ताडून पाहील. त्यास ४,९९,५०० तुलना कराव्या लागतील. चांगल्या रीतीनें तेंच काम सुमारें १०,००० तुलनांत होतें. अशा रीती ‘सी प्लस प्लस’ या भाषेबरोबर तयारच मिळतात. अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनीं रचलेला हा संग्रह १९९४ सालीं त्या भाषेच्या प्रमाण-समितीनें स्वीकारला, व १९९८ सालीं तो भाषेच्या प्रमाणांत समाविष्ट झाला. त्यांतील ‘सॉर्ट’ या रीतीस यादीचा आरंभ व शेवट सांगितला, कीं ती यादी लावून देते. असंख्य लोकांच्या वापरांत ती कसोटीस उतरलेली आहे.

मग आपणांस करावयाचें कांहींच उरत नाहीं काय? उरतें, आणि तेंच महत्त्वाचें आहे. संगणक मुळाक्षरें जाणत नाहीं. प्रत्येक अक्षरास दिलेला क्रमांक तेवढा जाणतो. ‘ॲ’ या अक्षराचा क्रमांक ‘ह’च्या पुढचा आहे. म्हणून ‘ॲनी’ हें नांव ‘हेमा’च्याही मागें जाऊन बसतें. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्यें पडतो. आपण मात्र मुळाक्षरें म्हणतांना तो ‘ह’नंतर घेतों. यांत ‘सॉर्ट’चा दोष नाहीं. दोन नांवांपैकीं आधीं कोणतें, हा नियमही तीस सांगतां येतो. मराठीचा तो नियम आपणच लिहावयाचा. मात्र एकाच नांवाचीं दोन मुलें असतील, तर नियमानें त्यांपैकीं कोणासही ‘आधीं’ म्हणूं नये. तसें म्हटल्यास रीतीचा पायाच ढांसळतो.

लावलेल्या यादींत नांव शोधावयास ‘बायनरी सर्च’ ही दुसरी रीत आहे. ती यादीच्या मध्यावर पाहते व नको तो अर्धा भाग सोडून देते. असें करीत हजार नांवांतून दहा-अकरा तुलनांत उत्तर देते. परंतु यादी एका नियमानें लाविली आणि शोध दुसऱ्या नियमानें केला, तर यादींत असलेली ॲनी ‘नाहीं’ असें उत्तर येऊं शकतें. ती यादी परीक्षेस बसणाऱ्यांची असली, तर त्या मुलीवर काय प्रसंग ओढवेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

तयार रीत वापरण्यांत कमीपणा नाहीं. पण ती आपणांकडून कशाची अपेक्षा करते, हें न जाणतां वापरणें अनर्थकारक होय. रंधा दुसऱ्यानें घडविलेला चालेल. लांकडाची रेषा कोणीकडे जाते, हें मात्र सुतारानें स्वतःच पाहिलें पाहिजे.